वही रोजची, माध्यम ऋतूचं

महाराष्ट्रात शाळा झालेल्या माणसांमध्ये चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली माणसं पुष्कळ सापडतात. त्या दोन शासकीय परीक्षांच्या निमित्ताने स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असं बरंच काही एका वयात हाताखालून गेलेलं असतं. मग दहावी येते, कॉलेज येतं, नोकरी, घर, मुलं. प्रमाणपत्र फायलीत जातं आणि हात थांबतो. चाळिशीत म्हणा, निवृत्तीनंतर म्हणा, त्याच हाताला पुन्हा कागदाची ओढ लागते. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. चित्रावर पोट नाही, प्रदर्शन भरवायचं नाही, पण चित्र काढणं आयुष्यात परत हवं आहे आणि ते टिकायला हवं आहे, अशांसाठी.

पुन्हा सुरुवात होते ती मोठ्या उमेदीने. जलरंगांची पेटी येते, तीन-चार ब्रश येतात, जाड कागदाचं पॅड येतं. पहिली दोन-तीन चित्रं बरी जमतात. महिना होत आला की कळतं, आभाळाचा वॉश काही केल्या सपाट उतरत नाही, मधेच डाग पडतात, हिरवा मळकट होतो. तेवढ्यात कुणाचं तरी अ‍ॅक्रिलिकमधलं काम पाहण्यात येतं. त्यात बिघडलेल्या भागावर पुन्हा रंगवता येतं, म्हणून कॅनव्हास आणला जातो. मग चारकोल, मग ऑइल पेस्टल, मग माती. वर्ष सरताना खण सामानाने भरलेला असतो आणि एकाही माध्यमाशी धड ओळख झालेली नसते. अशा वेळी माणसं स्वतःलाच दूषण देतात. आपल्यात चिकाटी नाही, असं ठरवून टाकतात आणि सगळंच बंद पडतं.

हे दूषण मला मान्य नाही. निरनिराळी माध्यमं हाताळावीशी वाटणं ही निरोगी भूक आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवत, तैलचित्रं करत, शिल्पं घडवत, आणि पुढे स्वतः कॅमेरा तयार करून त्यांनी 'सैरंध्री' (१९२०) हा मूकपट काढला. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) विणकर सेवा केंद्रात कापडासाठी संकल्पनं करत, कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरत, आणि 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तकही त्यांनी लिहिलं. पण बरव्यांच्या या सगळ्या कामाखाली एक गोष्ट सतत चालू होती, ती म्हणजे त्यांच्या डायऱ्या. त्यात रेखाटनं, टिपणं, एखाद्या वस्तूचा आकार पुन्हा पुन्हा तपासून पाहणं असं सारं असे. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा त्या डायऱ्यांनाही त्यात जागा होती.

मला सांगायचं आहे ते यातूनच निघतं. रोजचा सराव आणि माध्यम या दोन गोष्टी वेगळ्या करा. रोज करायचं ते एकच असावं, साधं असावं, आणि ते वर्षानुवर्षं बदलू नये. माध्यम खुशाल बदला, पण ऋतू बदलेल तेव्हा. दर आठवड्याला नको. म्हणजे रोज पंधरा-वीस मिनिटं वही, आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी किंवा रविवारी, दोन तास त्या ऋतूचं माध्यम. नोकरी-घर सांभाळून एवढं बहुतेकांना निघतं.

वही

वही लहान घ्या. दोन्ही हातांत मावेल, पिशवीत जाईल, पान संपवायची धास्ती वाटणार नाही एवढी. कागद फार भारी नको. महाग कागदाच्या वहीत माणूस चांगलंच चित्र काढायला बघतो आणि त्या भीतीने काढतच नाही. साधा कार्ट्रिज पेपर पुरतो. पेन्सिलीपेक्षा पेन बरं, कारण खोडायची सोय नसली की हात आधी बघतो आणि मग चालतो. बॉलपेनही चालेल. माझी पसंती न पसरणाऱ्या काळ्या शाईच्या पेनाला आहे. त्यावर पुढे कधी रंग लावावासा वाटला तर रेषा विरघळत नाही.

काय काढायचं हा प्रश्न रोज पडू देऊ नका. समोर आहे ते काढा. चहाचा कप, चार्जरची वायर, दाराआडच्या चपला, झोपलेल्या माणसाचा हात. ज्यांना विषय ठरलेला असला की बरं वाटतं त्यांनी एक विषय धरून वर्षभर तोच काढावा. घरातली भांडी, खिडकीतून दिसणारं एकच झाड, जिन्याचा एक वळसा. पुण्यातल्यांना राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथले दिवे आणि अडकित्ते रेषेच्या अभ्यासाला फार चांगले. बसून काढण्याआधी तिथल्या माणसांना विचारून घ्यावं, इतकंच.

पानावर तारीख घाला. जागा लिहा. शब्द लिहावेसे वाटले तर तेही लिहा. उगाच सजवू नका.

वहीत काढलेलं चांगलं आलं की नाही हे त्या दिवशी ठरवू नका, हा नियम मात्र कडक पाळा. रोज काढायचं, पण जपायचं नाही, ही रीत आपल्या अंगणात होतीच. सडा-रांगोळी करणारी बाई कालची रांगोळी कशी होती याचा हिशेब ठेवत नाही. सकाळी ती पुसली जाते आणि नवी येते. चिमटीतून सुटणारी पूड खोडता येत नाही, त्यामुळे हात न थांबता चालवावा लागतो, आणि तो बोटांतून नाही, मनगटातून आणि कोपरातून चालतो. वर्षानुवर्षं रांगोळी घातलेल्या बाईची रेषा पाहा. चित्रशाळेत शिकलेल्या पुष्कळ जणांपेक्षा ती सलग असते. चैत्रात अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रांगण काढायची पद्धत आहे. त्यातली चंद्र, सूर्य, गोपद्मं, स्वस्तिक ही चिन्हं लहान जागेत एकमेकांना धक्का न लावता बसवणं हा जागेच्या विभागणीचा उत्तम धडा आहे. घरात कुणाला येत असेल तर शिकून घ्या. या वहीइतकाच तोही सराव आहे.

टॅब्लेटवर चित्र काढणाऱ्यांसाठी एक मत मांडते. टॅब्लेट हे खरंखुरं माध्यम आहे आणि एखादा ऋतू त्याला द्यायला हरकत नाही. रोजची वही मात्र कागदाचीच ठेवा. टॅब्लेटवर चुकलेली रेषा एका टिचकीसरशी नाहीशी होते, आणि आपल्याला शिकायचं असतं ते नेमकं त्या चुकलेल्या रेषेकडूनच. कागदावर ती तशीच राहते. तिच्या शेजारी दुसरी काढावी लागते आणि दोन्ही दिसत राहतात.

ऋतू

माध्यमाला एक ऋतू, म्हणजे तीन-चार महिने, द्यायचे ते का? प्रत्येक माध्यमाचा पहिला महिना सामानाच्या ताब्यात जातो. रंग किती पाणी पितो, माती किती वेळ मऊ राहते, हत्यार कुठे घसरतं, हे कळण्यातच तो संपतो. त्यानंतर कुठे तुम्ही त्या माध्यमातून काही म्हणू लागता. आणि माणसं माध्यम सोडतात ती नेमकी या उंबरठ्यावर.

दुसरं कारण हवेचं आहे. आपल्याकडची हवा माध्यमांना सारखी वागवत नाही, आणि हे न समजल्यामुळे लोक आपल्या हाताला दोष देतात.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जलरंगाचा कागद तासभर ओला राहतो. ओल्यावर ओलं काम करायचं असेल, ढग, धुकं, भिजलेली झाडी हवी असेल, तर याहून चांगली हवा नाही. पण त्याच हवेत अर्धवट वाळलेल्या वॉशवर घाईने दुसरा हात फिरवला की पाणी उलटं पसरतं आणि वेड्यावाकड्या कडांचे डाग उठतात. उपाय एकच, थांबणं. बोटाच्या मागच्या बाजूने कागदाला स्पर्श करून पाहा. गार लागला तर तो अजून ओला आहे. याच्या उलट मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी वॉश घ्यायला गेलात तर तो कागदाच्या मध्यावर पोचेपर्यंत वरचा भाग वाळून कड धरतो. तिथे पहाटे काम करा, कागद आधी दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या आणि रंग नेहमीपेक्षा पातळ ठेवा. एकच रंगपेटी आणि एकच हात, पण रत्नागिरीला जुलैत एक चित्र होतं आणि नागपूरला मेमध्ये दुसरंच.

पावसाळ्याचं दुसरं माध्यम माती. गणपतीच्या आधी शाडू सहज मिळतो, आणि मूर्तीसाठी आणलेल्यातला थोडा उरतोही. मूर्तीपुरतं थांबू नका. लहान वस्तू करा, घरातली भांडी, फळं, आपल्याच पायाचा अंगठा. शाडू भाजायचा नसतो, त्यामुळे भट्टी लागत नाही. काम अर्धं सोडायचं असेल तर ओलं फडकं आणि वर प्लॅस्टिकची पिशवी. वाळवायचं सावलीत. उन्हात ठेवलं की बाहेरून सुकतं, आत ओल राहते आणि तडा जातो. आत तार घातली तरी तडा जातो, कारण वाळताना माती आकसते आणि तार आकसत नाही. दोन भाग जोडताना दोन्हीकडे ओरखडे काढून मधे मातीची पातळ लापशी लावा.

नको असलेलं काम पुन्हा माती करायचं असेल तर आधी ते पूर्ण सुकू द्या आणि मग पाण्यात टाका. पूर्ण सुकलेली माती पाण्यात आपोआप ढासळते. अर्धवट ओल्या मातीचे गोळेच राहतात. आणि हात धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, नळी तुंबते. बादलीत ठेवा, माती खाली बसली की वरचं पाणी कुंडीत घाला.

मातीच्या ऋतूत एकदा अलिबागजवळच्या सासवण्याला जाऊन या. शिल्पकार वि. पां. करमरकरांच्या (१८९१–१९६७) राहत्या घरीच त्यांचं शिल्पालय आहे. पुण्यातला १९२८ सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्याला शिल्पांच्या भोवती फिरता येतं. वही जवळ ठेवा आणि एकच शिल्प तीन बाजूंनी काढा.

दिवाळीच्या सुमारास कागद घ्या. आकाशकंदिलाच्या निमित्ताने घरात पतंगी कागद, कात्री, काड्या आलेल्याच असतात. कात्री ही फार चांगली शिक्षिका आहे. तिला छटा कळत नाहीत, फक्त आकार कळतो. चिकटवायला घरची मैद्याची खळ उत्तम, पण पतंगी कागदाला ओली खळ जास्त लागली की रंग सुटतो, तेव्हा बोटाने पातळ लावा. खळीला किडे लागू नयेत म्हणून बाइंडिंगवाले त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे. लहान मुलं असलेल्या घरात ते टाळा आणि खळ रोजच्या रोज ताजी करा.

मग थंडी, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हे दिवस बाहेर जाऊन रंगवायचे. ऊन तिरकं असतं, सावल्या लांब असतात आणि उन्हात बसवतं. जलरंग किंवा पोस्टर कलर घेऊन निघा. बाहेर एकट्याने बसायचा संकोच वाटत असेल तर मुंबई-पुण्यात रविवारी एकत्र जमून रेखाटनं करणारे अर्बन स्केचर्ससारखे गट आहेत. त्यांच्यासोबत दोनदा बसलात की लोक मागे उभे राहून बघतात याची सवय होते. जागेवर पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. तेवढ्यात सावली सरकलेली असते. पुढे तुम्ही समोरचं न काढता आठवणीतलं काढू लागता.

उन्हाळ्यात घरात बसून लिनोकट करावा. लिनो उबेत मऊ होतो आणि हत्यार सहज चालतं. थंडीत तो कडक होतो, तेव्हा कापण्याआधी पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवावा लागतो. मुद्राचित्रकार चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहत होते. त्यांचे लिनोकट जिथे पाहायला मिळतील तिथे नीट पाहा. काळा किती आणि पांढरा किती हा निर्णय ते कसा घेतात, हे शिकण्यासारखं आहे. कापताना दुसरा हात कायम हत्याराच्या मागे ठेवा, पुढे कधीही नको. प्रेस लागत नाही. पातळ कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटलं की स्वच्छ ठसा उठतो. रोलर फिरवायला जुनी काच घ्या. छापखान्याची तेलकट शाई असेल तर ती आधी खायच्या तेलाने पुसून मग साबणाने धुतली की रॉकेलची गरज पडत नाही.

हा क्रम जसाच्या तसा पाळायलाच हवा असं नाही. बंगळूरला राहणाऱ्याची हवा निराळी, लंडन-टोरांटोला राहणाऱ्याची निराळीच. आपल्या खिडकीबाहेरची हवा कोणत्या माध्यमाला मानवते हे एकदा बघा आणि तुमचं स्वतःचं वर्ष आखा.

एकच तांब्या

माध्यम बदललं की मागचं शिकलेलं वाया जातं, अशी पुष्कळांना भीती असते. ती जायला एक प्रयोग पुरतो. घरातला एक पितळी तांब्या घ्या आणि वर्षभर प्रत्येक माध्यमात तोच करा.

पेन्सिलीने काढताना तांब्या तुम्हाला कडेबद्दल विचारतो. तोंडाचा लंबगोल, गळ्याचा लंबगोल आणि बुडाचा लंबगोल एकसारखे नसतात. तांब्या डोळ्यांच्या खाली ठेवला असेल तर तोंडाचा सगळ्यात चपटा आणि खाली येत जाल तसे ते अधिक गोल होत जातात. बहुतेक जण बूड सरळ रेषेने काढतात आणि मग तांब्या टेबलावर न बसता कागदाला चिकटल्यासारखा दिसतो.

जलरंगात तोच तांब्या विचारतो, पांढरं कुठे सोडणार? पितळेवरची सगळ्यात उजळ चमक म्हणजे कोरा कागद. ती रंगवायची नसते, तिला वळसा घालून जायचं असतं. आणि पितळ म्हणजे पिवळा हा समज पहिल्याच चित्रात मोडतो. नीट पाहिलंत तर तिथे पिवळा थोडाच असतो. बाकी तपकिरी, गडद हिरवट, पोटावर खिडकीची वाकलेली चौकट आणि तुमच्याच शर्टाचा रंग. चमकदार धातू आसपासचं सगळं अंगावर घेतो, म्हणून त्याच्या छटा हळूहळू बदलत नाहीत. उजेडाला लागूनच काळोख येतो. दोन्हींमधली कड धारदार ठेवली की चमक येते, मऊ केली की तांब्या मातीचा होतो.

लिनोत मधल्या छटा संपतात. त्या पोटावरच्या दहा रंगांचा निकाल दोनच उत्तरांत लावायचा, काळं किंवा पांढरं. मागची भिंत काळी ठेवलीत तर तांब्याची सावलीची कड तिच्यात विरून जाते. तुम्हाला वाटतं, आता आकार मोडणार. पण उजेडाच्या बाजूचे चार काप नीट पडले असतील तर बघणाऱ्याचा डोळा उरलेला तांब्या स्वतः पुरा करतो. सगळं दाखवावं लागत नाही, हे जलरंगात वर्षभर सांगून कळत नाही. लिनोत पहिल्या ठशाला कळतं.

कागद कातरताना तांब्यापेक्षा तांब्याच्या आजूबाजूची जागा समोर येते. गळा आणि पोट यांच्यामध्ये बाहेर जो खोलगट आकार राहतो तोच कातरून पाहा. तो बरोबर आला तर तांब्या आपोआप बरोबर येतो.

आणि माती. मातीत तांब्याला पाठ असते. इतके दिवस काढत होता तो तांब्या एका बाजूचाच होता, हे हातात गोळा घेतल्यावर ध्यानात येतं. पोटाचा फुगा आतून अंगठ्याने दाबत बाहेर आणावा लागतो. तो कुठे सर्वांत रुंद आहे आणि गळ्याकडे कुठे वळतो, हे डोळ्यांना ठाऊक नव्हतं ते बोटांना समजतं.

आता पुन्हा पेन्सिल घ्या. रेषा बदललेली दिसेल. पोटाशी ती भरदार होईल, गळ्याशी आत वळताना सैल पडणार नाही, कारण तो वळसा आता हाताने केलेला आहे. लिनो करून आलेला माणूस जलरंगात पांढरं सोडायला घाबरत नाही. कागद कातरून आलेला माणूस चित्राच्या चौकटीतली रिकामी जागाही बघू लागतो. माध्यमं एकमेकांना शिकवतात ती अशी. पण त्यासाठी विषय तोच हवा. जलरंगात समुद्र, लिनोत घुबड आणि मातीत गणपती केलात तर फरक विषयाने पडला की माध्यमाने, हे कळायला मार्ग राहत नाही.

सामान आणि जागा

सामानाबद्दल थोडक्यात. एका वेळी एका ऋतूचंच सामान बाहेर ठेवा, बाकीचं बांधून माळ्यावर. जलरंगात पेटी मोठी नको. एक पिवळा, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एवढ्यावर अख्खा हिवाळा निघतो, आणि मिश्रणं शिकायची तर तेवढेच असलेले बरे. केमलचे ट्यूबमधले रंग शिकण्यासाठी पुरेसे आहेत. पैसे घालायचेच असतील तर ते कागदावर घाला. पातळ कागद पाण्याने वर येतो, त्याला लाटा पडतात आणि दोष ब्रशला जातो. जलरंगाला ३०० जीएसएमचा कागद घ्यावा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालापासूनची. तिथले हातकागद छापायला आणि कोलाजला फार छान लागतात.

कागद भिंतीला लागून ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात. ओल चढली की बुरशीचे तपकिरी ठिपके येतात आणि ते जात नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पॅड, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ती पिशवी लोखंडी कपाटात. पोस्टर कलरच्या बाटल्यांनाही पावसाळ्यात बुरशी येते. झाकणाची कड पुसून मगच बंद करा. झालेली चित्रं उन्हात टांगू नका. साध्या रंगांमधला क्रिमसन सगळ्यात आधी उडतो.

जागेबद्दल एवढंच सांगते की स्वतंत्र खोलीची वाट बघू नका. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा, त्यावर एक ड्रॉइंग बोर्ड, दोन क्लिपा. वही मात्र डोळ्यांसमोर राहू द्या. फडताळात गेलेली वही तिथेच राहते.

खंड

खंड पडणार. घरी आजारपण येतं, मार्च अखेर येते, मुलांच्या परीक्षा येतात, लग्नसराई असते. खंड पडल्यावर राहिलेल्या दिवसांची भरपाई करायला जाऊ नका. दहा दिवस राहिले म्हणून रविवारी दहा पानं काढायला बसलं की हात दुखतो, पानं घाईची होतात आणि वहीबद्दल मनात अढी बसते. ज्या दिवशी परत याल त्या दिवशी त्या दिवसाचं एकच पान काढा. अगदी वेळ नसेल तर एक वस्तू, एक रेषा, एक तारीख. आजारी माणसाच्या उशाशी बसूनही वही चालते. औषधाच्या बाटल्या, सलाईनची नळी, खिडकीतलं आभाळ, सगळं त्यात येऊ शकतं आणि त्या दिवसांत त्याचा आधारही होतो.

कधी कधी खंड वेळेचा नसतो, कंटाळ्याचा असतो. माध्यमाचा कंटाळा आला असेल तर ऋतूचे किती आठवडे उरलेत ते बघा. दोन-तीन असतील तर ओढा. फार असतील तर माध्यम तेच ठेवून आकार बदला. हातभर कागदावर काढत असाल तर पोस्टकार्डाएवढ्यावर या, लहान काढत असाल तर जुन्या वर्तमानपत्रावर जाड ब्रशने उभं राहून काढा. बहुतेक वेळा कंटाळा माध्यमाचा नसून त्याच त्या आकाराचा असतो.

आता दाखवण्याबद्दल. रोजचं पान रोज स्टेटसला टाकू नये असं मी आग्रहाने सांगेन. चार लोकांनी छान म्हटलं की दुसऱ्या दिवशी हात त्याच छानकडे वळतो. आठवडाभरात तुम्ही लोकांना आवडणारी फुलं काढायला लागता आणि चपला, वायरी, पाठमोरी माणसं वहीतून निघून जातात. ऋतूच्या शेवटी दोन-तीन कामं निवडून दाखवा, आणि शक्यतो समोर बसवून दाखवा. चित्रकलेतलं कळणारा एखादा माणूस जवळ असेल तर त्याला विचारा, पण प्रश्न नेमका विचारा. 'कसं वाटलं?' असं विचारलं की 'छान' हे उत्तर येतं. 'इथे सावली फार काळी झाली का?' असं विचारलं की माणूस चित्रात वाकून बघतो.

वयाची अडचण सांगणाऱ्यांना रवींद्रनाथांची आठवण करून देते. हस्तलिखितातल्या खाडाखोडींना आकार देता देता ते चित्रांकडे वळले आणि त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसला १९३० साली भरलं, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. आपल्याला पॅरिस गाठायचं नाही. पण साठीनंतर हात नवी रेषा शिकत नाही, हा समज मनातून काढून टाका. नजर कमी झाली असेल तर मोठ्या कागदावर, जाड चारकोलने काढा. बोटं थरथरत असतील तर कागद कातरा, माती घ्या. इतकी माध्यमं आहेत त्याचा हाही एक उपयोग आहे.

वर्षातून एकदा सगळे कागद जमिनीवर पसरा. दसऱ्याच्या किंवा दिवाळीच्या आवराआवरीत हे काम जमून जातं. तांब्याची सगळी चित्रं एका रांगेत लावा आणि घटकाभर नुसती बघा. प्रत्येक ऋतूतली दोन-तीनच ठेवा. सगळ्यात चांगल्याबरोबर एक फसलेलंही ठेवा, ज्यात काय बिघडलं ते स्पष्ट दिसतं असं. ठेवलेल्या प्रत्येक कागदामागे पेन्सिलीने महिना, गाव, कागदाचं वजन आणि वापरलेले रंग लिहा. दोन वर्षांनी जुलैत पुन्हा जलरंग काढाल तेव्हा किती वेळ थांबावं लागलं होतं हे त्या चार शब्दांतून कळतं. वह्या टाकू नका. बाकीचे कागद पाठकोरे आहेत, त्यांच्या मागच्या बाजूला पुढच्या ऋतूतल्या ठशांची कच्ची छपाई होते आणि कोलाजलाही ते लागतात.